पाच आला कुठून?

हैदराबादला कोठीच्या महिला कॉलेजात बी.एस्सी. करणारी एक मराठी मुलगी होती. शाळा मराठी माध्यमातली, कॉलेज इंग्रजीत, मैत्रिणींच्या गप्पा तेलुगूत नाहीतर दखनीत. भाषेवाचून तिचं कधी अडलं नाही. अडलं ते दुसऱ्या वर्षी, रिअल ॲनालिसिसला.

गणित दिसायला साधं होतं. क्ष २ च्या जवळ गेला की क्षचा वर्ग ४ च्या जवळ जातो, हे सिद्ध करा. आकडे घालून कुणालाही पटेल. पण पेपरात पटवायचं नसतं, सिद्ध करायचं असतं. कुणी ४ पासूनचं अंतर, म्हणजे एप्सिलॉन, कितीही लहान दिलं तरी त्याला पुरेल असं क्षचं २ पासूनचं अंतर, म्हणजे डेल्टा, काढून दाखवायचं. पुस्तकात पहिलीच ओळ होती: डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५, यांतली लहान संख्या घ्या. पुढच्या चार ओळींत सगळं चोख जुळत होतं. तिला एवढंच कळत नव्हतं, की हा ५ आला कुठून?

कॉलेजच्या, म्हणजे जुन्या रेसिडेन्सीच्या, आवारातून बाहेर पडलं की कोठीची जुन्या पुस्तकांची दुकानं जवळच. तिथे तिने गाइड मागितलं. “ये लेके जाव अम्मा, इसमें सब सॉल्व्ड है,” दुकानदार म्हणाला. खोटं नव्हतं ते. सगळं सोडवलेलंच होतं आणि पहिल्या ओळीत तोच ५ होता. तिने दुसरं गाइड घेतलं, त्यातही ५. शिकवणीच्या सरांनी फळ्यावर भराभर लिहून दिलं, वर्गातल्या हुशार मुलीने वही दिली. तिने सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं आणि परीक्षेत २ च्या जागी ३ आल्याबरोबर तिचा हात थांबला.

मदत करणाऱ्यांत कुणाचीही दानत खोटी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं. प्रत्येकाने तिला उत्तर दिलं. ती नेमकी कुठे अडली आहे, हे कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. सांगणार कसं? चुकलेलं पान ती लगेच फाडून टाकायची. वही स्वच्छ राहिली पाहिजे, असं तिला लहानपणापासून वाटत आलेलं.

शेवटी वडील तिला आपल्या जुन्या गणिताच्या मास्तरांकडे घेऊन गेले. मास्तरांनी वही चाळली.

“अक्षर छान आहे. पण यात तू कुठे आहेस, पोरी?”

तिला प्रश्न कळला नाही.

“स्वतः करून पाहिलं असशील ना? ते पान कुठंय?”

“ते चुकलं होतं, आजोबा. फाडलं.”

“मग मला तेच हवंय.”

दुसऱ्या दिवशी ती एक चुरगळलेला कागद घेऊन आली. टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात तो कसाबसा सापडला होता. मास्तरांनी तो हाताने सपाट केला. तिने क्ष वर्ग वजा ४ चे अवयव पाडले होते: क्ष वजा २ आणि क्ष अधिक २. पहिल्याखाली लिहिलं होतं, ‘हा लहान करता येतो.’ दुसऱ्याखाली, ‘याचं काय करू?’ आणि त्यावर काट मारलेली.

“अगं, याच्यावर काट का मारलीस? खरा प्रश्न तर हाच आहे. छापलेल्या पुस्तकात तो दिसत नाही, कारण पुस्तक कच्चं काम दाखवत नाही.”

मग त्यांनी रामानुजनांची गोष्ट सांगितली. कागद महाग, म्हणून ते पाटीवर आकडेमोड करायचे, कोपराने पुसायचे आणि वहीत बहुतेक वेळा नुसतं उत्तर उतरवायचे. ती उत्तरं कशी आली, हे शोधण्यात पुढच्या गणितज्ञांची दशकं गेली. “त्यांचं पुसलेलं परत मिळणार नाही. तुझं मिळालंय. बस आता. क्ष २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर ठेवला, तर तो कुठे असेल?”

“१ आणि ३ च्या मध्ये.”

“मग क्ष अधिक २?”

तिने लिहिलं आणि पेन थांबलं. “पाचाच्या आत!”

मास्तर काहीच बोलले नाहीत. २ खोडून त्यांनी ३ लिहिला आणि कागद तिच्याकडे सरकवला. क्ष आता २ आणि ४ च्या मध्ये, म्हणून क्ष अधिक ३ सातापेक्षा कमी. या वेळी एप्सिलॉनला ७ ने भागायचं, हे तिचं तिलाच कळलं. मग तिने विचारलं, “पण अंतर १ च का? अर्धा घेतला तर?”

“घेऊन बघ.”

साडेसहा आले.

“मग यांतलं बरोबर कुठलं?”

“दोन्ही.”

एका गणिताला दोन डेल्टा चालतात, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे वर्गात एकसमान सांतत्य सुरू झालं आणि ती पुन्हा अडली. तास संपल्यावर ती वही घेऊन मॅडमकडे गेली. पानावर तीन ठिकाणी खाडाखोड होती. चौथ्या, अर्धवट ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, “मॅडम, मला इथपर्यंत येतंय.”