मांत्रिकांची आठ घराणी

निवृत्त माणसाला घरात दोनच कामे असतात. दूध तापत असताना त्याच्यावर लक्ष ठेवणे, आणि ते उतू गेल्यावर बोलणी खाणे. त्यामुळे गेल्या मे महिन्यात नातवाने "आबा, आमच्या खेळात एक मांत्रिक कमी पडतो आहे, तुम्ही होता का?" असे विचारले, तेव्हा मी मानधनाची चौकशी न करता हो म्हटले. सबंध आयुष्य अकोल्याच्या एका बँकेत लेजरे लिहिण्यात गेले. मांत्रिकाची जागा रिकामी असल्याचे आजवर कोणी कळवलेच नव्हते.

खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. पैकी गायगॅक्स आधी विमा कंपनीत नोकरीला होता हे कळल्यावर मला खेळाचे मर्म समजले. माणसावर काय काय कोसळू शकते याची इतकी बारकाईने यादी विमेवाल्याशिवाय कोण करणार? चार पोरे आमच्या अमरावतीच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राने काय केले ते सांगतात, आणि जमले की फसले ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडक्यात, संसारच. फक्त याचे नियम छापलेले आहेत.

"या वयात मंत्रतंत्र?" आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "2013 पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे म्हटलं. पोलीस आले तर मी नाही ओळखत बाप्पा तुम्हाला!"

पोलीस आले नाहीत, पण अडचण आली. 2014 सालच्या पुस्तकाप्रमाणे मांत्रिक दुसऱ्या पायरीवर पोचला की त्याला आपली शाखा निवडावी लागते. पोरे त्याला सबक्लास म्हणतात. मी घराणे म्हणतो, कारण प्रत्येकाचा बाज वेगळा आणि प्रत्येकाला दुसरा बेसूर वाटतो. अशी घराणी आठ. (2024 च्या नव्या पुस्तकात चारच ठेवली आहेत, पण आमची पोरे जुन्या वळणाची.) नातू म्हणाला, "आबा, उद्यापर्यंत ठरवा." ज्या माणसाला पँटचे कापड निवडायला तीन दुकाने लागतात, त्याला एका रात्रीत घराणे!

रात्रभर पुस्तक वाचले. पहिले अग्निगोलकवाल्यांचे घराणे. हा आगीचा लोळ फेकतो, पण आपली माणसे निवडून त्यांना झळ लागू देत नाही. मला एकदम ओशाळल्यासारखे झाले. माझ्या रागाचा नियम जन्मभर नेमका उलटा. साहेबाला कधी चटका नाही, आणि घरची माणसे मात्र होरपळलेली. हे घराणे मला झेपणारे नव्हते.

रूपांतरवाला लाकडाची चांदी करतो, पण फार तर तासाभराने तिचे पुन्हा लाकूड होते. माझा पगारही पहिल्या तारखेला असाच वागत असे. प्रेतविद्येचा मांत्रिक मंत्राने कुणाला मारले की त्या मरणावर स्वतः गुटगुटीत होतो. असली माणसे पाहण्यासाठी पुस्तक उघडायची गरज नाही. मोहिनीवाला समोरच्याचे मनच वळवतो, आणि पुढे तर आपले मन वळवले गेले होते याची आठवणसुद्धा पुसतो. त्या पानाशी मी जरा जास्त वेळ थांबलो. दुसऱ्याच्या भल्यासाठी असले तरी हे चांगले काय? आवाहनवाला वस्तू हवेतून काढतो. भ्रमवाला नसलेले दाखवतो, आणि शेवटच्या पायरीवर त्यातली एक वस्तू मिनिटभर खरी करतो.

राहिली दोन. एक भविष्यवाला. तो रोज सकाळी दोनदा फासा टाकून आकडे जवळ ठेवतो आणि दिवसभरात कुणाच्याही फाशाऐवजी ते वापरतो. दुसरा संरक्षणवाला. त्याच्याभोवती मंत्राचे कवच असते. पुढे पुढे तो ते शेजारच्या माणसापुढे धरू शकतो. घाव त्याचा, सोसायचे कवचाने.

भला माणूस संरक्षण घेईल हे उघड होते. मीही तेच घेणार होतो. पण त्याच आठवड्यात दादाकडे अकोल्याला जाणे झाले. (2022 च्या जूनमध्ये याच रस्त्याचे 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकून गिनेस बुकात नोंद झाली. ही विद्या आठांपैकी कुठल्या घराण्यातली, ते पुस्तकात नाही.)

दादा नुकताच भेंडवळहून आला होता. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी अक्षय तृतीयेला घट मांडतात. वावरात मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याची घागर, भोवती 18 धान्ये. रात्रभर तिथे कुणी फिरकायचे नाही. पहाटे त्यात काय हलले, काय ओले झाले, ते पाहून पाऊस आणि पीक सांगतात.

"खरं निघते का रे दादा?"

"कधी निघते, कधी नाही. मी काई त्याच्यावर पेरत नाही," दादा म्हणाला. "पण एक आहे. जे सांगतात ते सगळ्याइले एकाच वक्ती सांगतात. वावरात उभं राहून. वाईट असलं तरी."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

1998 साली आईचा रिपोर्ट आणायला मी गेलो होतो. कागदावर काय आहे ते मला कळले. पुतणीचे लग्न महिन्यावर आले होते. मी तो कागद बँकेच्या खणात ठेवला आणि घरी सांगितले, अशक्तपणा आहे. महिनाभर मी एकट्याने ते ओझे वाहिले, आणि खरे सांगतो, मनातून स्वतःला मोठा समजत होतो. लग्न थाटात झाले. मग सांगितले. पुढे आई दोनच महिने होती. दादा काही बोलला नाही. वहिनी बोलल्या, "भाऊजी, लगन तं झालं. पण आईजवळ बसाचा आमचा एक महिना तुम्ही खर्च करून टाकला."

त्या महिन्यात मी कुठल्या घराण्याचा होतो? जन्मभर समजत होतो, संरक्षण. पण कवच पुढे धरले तर घाव आपल्यावर यावा लागतो. आईचा आजार माझ्यावर आलाच नव्हता. तो होता तिथेच होता. मी दोन आकडे आधी पाहिले, चांगला पंगतीत वाढला आणि वाईट खणात ठेवला. खणात ठेवून वाईट आकडा नाहीसा होत नाही. तो ज्याचा असतो त्याच्याच ताटात पडतो, फक्त उशिरा. भविष्यवाल्याचे ज्ञान आणि भ्रमवाल्याची रीत, असे ते धेडगुजरी घराणे होते. संरक्षण हे त्यावरचे लेबल.

मग मनुष्याने प्रत्येक वाईट बातमी लगेच चौकात ओरडून सांगावी काय? तसेही नाही. आईला काय सांगायचे, केव्हा, किती, हे दादाने आणि मी मिळून ठरवले असते. कदाचित लग्नापर्यंत गप्प राहायचेच ठरले असते. पण ते आमचे ठरले असते.

परत आल्यावर मी नातवाला सांगितले, "भविष्यवाला." त्याला नवल वाटले. पहिल्या सकाळी फासा दोनदा टाकला. एक सतरा, एक तीन. मी सवयीने दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी खिशात घालायला लागलो.

"अहो आबा, लपवता कायले?" नातू म्हणाला. "ते फासे इथंच ठेवायचे, सगळ्यांच्या समोर. कोणता कुठं वापरायचा ते मग सगळे मिळून पाहू ना."

मी चिठ्ठी फाडली आणि दोन्ही फासे टेबलाच्या मधोमध ठेवले. तिकडे दूध उतू गेले.