तुल्यबल विकल्प आणि दोन गाद्या

दोन पर्याय सर्व ज्ञात अंगांनी सारखेच योग्य असतील तर त्यांपैकी एकाची निवड कशाच्या आधारावर करावी, आणि निवड झाल्यावर न निवडलेल्या पर्यायाचे काय होते, हा प्रश्न पूर्वमीमांसेने यज्ञविधीच्या संदर्भात ज्या बारकाईने हाताळला, तशी बारकाई इतरत्र क्वचितच आढळते. मीमांसकांपुढचे उदाहरण धान्याचे होते: पुरोडाश, म्हणजे आहुतीसाठी भाजलेली पिठाची वडी, साळीची करावी की जवाची, कारण वेदात दोन्ही विधाने आहेत आणि दोन्ही सारख्याच अधिकाराची आहेत. आजच्या गृहस्थापुढे हाच प्रश्न पुष्कळदा ऐहिक रूपात उभा राहतो, आणि संपूर्ण फोमच्या दोन गाद्यांपैकी एक निवडणे हे त्याचे अगदी नेमके रूप आहे. कारण किंमत, जाडी आणि हमीचा काळ जवळपास सारखा असतो, आणि ज्या झोपेसाठी गादी घ्यायची ती झोप निवडीच्या क्षणी अनुभवता येत नाही. ही अडचण वरवरची नाही. गाढ झोपेत अनुभव घेणारा स्वतःला जाणत नाही. ‘सुखाने झोपलो, काही कळले नाही’ अशी आठवण तेवढी जागे झाल्यावर उरते, आणि याच आठवणीवरून अद्वैत वेदान्ती सुषुप्तीतही साक्षी असतो असे अनुमान करतात. त्यामुळे गादीचा पुरावा नेहमी दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा असतो, तोही स्मृतिरूप.

समजा, एका गादीचा वरचा थर मेमरी फोमचा आणि दुसरीचा एचआर, म्हणजे दाब सुटताच चटकन उसळून पूर्ववत होणाऱ्या फोमचा आहे. दोन्हींचे मूळ पॉलियुरेथेन या एकाच रसायनात आहे, ज्याचा शोध जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये लावला. मेमरी फोम मात्र १९६६ मध्ये नासासाठी विमानाच्या आसनांच्या गाद्यांवर काम करताना चार्ल्स योस्ट यांनी विकसित केला. हा फोम शरीराच्या उष्णतेने मऊ होतो, खांदा आणि कंबर हळूहळू आत सामावून घेतो व सावकाश मूळ आकारावर येतो. म्हणून कुशीवर झोपणाऱ्याला तो अनेकदा मानवतो, पण वारंवार कूस बदलणाऱ्याला जखडल्यासारखे वाटू शकते, आणि तो उष्णता धरून ठेवत असल्यामुळे कोकणातील किंवा मुंबईतील दमट उन्हाळ्यात त्याचा त्रास होऊ शकतो. दुकानात ज्याला डेन्सिटी म्हणतात तो आकडा एक घनमीटर फोमचे वजन किलोग्रॅममध्ये सांगतो. त्यावरून गादी किती लवकर बसेल याचा अंदाज येतो, ती मऊ आहे की कडक हे त्यावरून कळत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे पुष्कळ ग्राहक चुकीच्या कारणासाठी योग्य किंवा योग्य कारणासाठी चुकीची वस्तू घेतात. पाठदुखीला कडक अंथरूणच चांगले हा दृढ समजही तपासून घेण्याजोगा आहे: स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ व्यक्तींवर झालेल्या आणि २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९० दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी वापरणाऱ्यांची स्थिती अधिक चांगली आढळली.

असे भेद जिथे सापडतात तिथे खरा विकल्प नसतोच. मीमांसकांनी आणि त्यांच्या मागोमाग धर्मशास्त्रकारांनी विकल्पाचे दोन प्रकार मानले आहेत. ज्या ठिकाणी दोन पर्यायांची वाटणी अधिकारी, प्रसंग किंवा शाखा यांनुसार करता येते, तो व्यवस्थित विकल्प. अग्निहोत्राची आहुती सूर्योदयापूर्वी द्यावी की नंतर, हा भेद ज्याने त्याने आपल्या परंपरेनुसार पाळावा, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. जिथे अशी वाटणी करणारे कोणतेही कारण उरत नाही, तो ऐच्छिक विकल्प. शास्त्रकारांचा पहिला आग्रह असा की ऐच्छिक विकल्प शेवटचा उपाय म्हणूनच मानावा, आणि त्यापूर्वी वाक्यांचा संदर्भ, विषय व अधिकारी तपासून व्यवस्था लावता येते का ते पाहावे. हाच आग्रह गादी निवडणाऱ्याला लागू केला तर त्याने प्रथम आपले वजन, झोपण्याची कूस, घरातील उष्मा, जोडीदाराची झोप आणि दुखणारा सांधा या गोष्टी विचारात घ्याव्यात, हे उघड आहे. जोडीदारांपैकी एकाला उष्मा सोसत नाही आणि दुसऱ्याचा खांदा दुखतो, अशा घरात तर एकाच गादीचा हट्टच सोडून दोन वेगळ्या गाद्या शेजारी अंथरणे ही खरीखुरी व्यवस्था ठरेल, जरी कौटुंबिक प्रघाताला ती अपरिचित वाटली तरी.

परंतु एवढे करूनही पुष्कळदा काहीच शिल्लक भेद सापडत नाही, आणि मीमांसेचा मोलाचा विचार नेमका येथे सुरू होतो. ऐच्छिक विकल्पाला आठ दोष चिकटलेले आहेत असे त्या शास्त्रात मानले आहे. साळीचा पुरोडाश करणारा यजमान त्या प्रयोगापुरते जवाच्या वाक्याचे प्रामाण्य, जे त्याने मान्य केलेले होते, ते सोडून देतो, हा पहिला दोष. त्या वाक्यात जे अप्रामाण्य कधीच नव्हते ते त्याच्यावर लादतो, हा दुसरा. पुढच्या प्रयोगात जव घेतले तर टाकून दिलेले प्रामाण्य पुन्हा उचलावे लागते, हा तिसरा. आणि एकदा लादलेले अप्रामाण्य पुन्हा सोडावे लागते, हा चौथा. साळीच्या वाक्याबाबत हेच चार दोष उलट क्रमाने घडतात, म्हणून एकूण आठ. या गणनेकडे कोरडी तर्ककसरत म्हणून पाहणे अन्यायाचे होईल, कारण तिच्यात मनाच्या व्यवहाराचे अतिशय खरे निरीक्षण आहे: सारख्या योग्यतेचा पर्याय नाकारताना माणूस त्या पर्यायात नसलेला दोष कल्पून तो नाकारतो, आणि मागे वळला की तो कल्पिलेला दोष त्याला पुसून टाकावा लागतो व आता हाती असलेल्या वस्तूत नवा दोष कल्पावा लागतो. ज्याने मेमरी फोमची गादी घेताना दुसरी ‘फारच टणक’ ठरवली, तोच आठवड्याने आपली गादी ‘दलदलीसारखी’ ठरवू लागतो. वस्तू दोन्ही वेळा तीच असते.

या दृष्टीने हल्ली अनेक विक्रेते देत असलेल्या शंभर रात्रींच्या परत करण्याच्या मुदतीचा विचार करावा लागतो. ही मुदत उपयुक्त आहे हे नाकारता येत नाही. शरीराला नव्या पृष्ठभागाची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि दुकानात दहा मिनिटे पडून पाहण्याला तशी फारशी किंमत नाही. मात्र मुदत जितके दिवस निवड खुली ठेवते तितके दिवस आठही दोषांना दारे उघडी राहतात. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांना आपल्या दोन छायाचित्रांपैकी एक ठेवून दुसरे देऊन टाकायचे होते. ज्यांना नंतर अदलाबदल करण्याची मुभा होती त्यांना आपले छायाचित्र, मुभा नसलेल्यांच्या तुलनेत, कमी आवडले. विशेष म्हणजे मुभा असावी की नसावी याने आपल्या समाधानात फरक पडेल, असा अंदाज लोकांना आधी करता येत नाही. मीमांसकांनी वाक्यांच्या प्रामाण्याविषयी जे म्हटले ते येथे आवडीच्या बाबतीत दिसून आले, आणि दोन्ही निष्कर्ष परस्परांना बळ देतात असे मानण्यास हरकत नसावी.

मीमांसेने यावर सांगितलेला उपाय संकल्पाचा आहे. प्रयोगाच्या आरंभी यजमान साळ किंवा जव यांपैकी एक ठरवतो आणि त्या क्षणापासून त्या प्रयोगापुरता विकल्प संपतो. मध्येच साळ नासली किंवा संपली तर जवाकडे वळायचे नसते. साळीशी साम्य असलेले नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे धान्य, प्रतिनिधी म्हणून घ्यायचे असते. दुसरा पर्याय शास्त्राने स्वतः सांगितलेला आणि पूर्णपणे योग्य असूनही तो आता बाजूला पडतो, आणि साधे रानधान्य त्याच्यापेक्षा जवळचे ठरते. या नियमामागे फार खोल समज आहे, असे म्हणावेसे वाटते. निवडीपूर्वी दोन्ही धान्ये समान होती, निवडीनंतर ती समान राहत नाहीत, आणि हा फरक धान्यांमुळे पडत नसून संकल्पामुळे पडतो. गादी घेऊन घरी आल्यावर ती थोडी मऊ वाटली तर तिच्यावर पातळ गोधडी घालणे किंवा उशीची उंची बदलणे, हा नीवाराचा मार्ग झाला. परत पाठवून दुसरी मागवणे हा जवाचा.

अरबी तत्त्वज्ञानातही या प्रश्नाला एक लक्षणीय वळण मिळाले. अल-गझाली यांनी अकराव्या शतकाच्या अखेरीस असे मांडले की भुकेल्यापुढे अगदी सारखी दोन खजुरे असली तरी तो एक उचलतो, आणि सारख्यातून सारखे वेगळे काढण्याची ही शक्ती म्हणजेच इच्छा. बाराव्या शतकात इब्न रुश्द यांनी उत्तर दिले की त्या माणसाने एका खजुराला दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ मानलेलेच नाही. त्याने खाणे न खाण्यापेक्षा श्रेष्ठ मानले, आणि कोणतेही खजूर त्या हेतूला पुरे होते. गादीच्या संदर्भात इब्न रुश्द यांचे उत्तर अधिक मुक्त करणारे आहे, कारण निवडणाऱ्याला खरोखर झोप हवी आहे, आणि दोन्ही गाद्या ती देत असतील तर त्याचा निर्णय दुकानात जाण्यापूर्वीच झालेला असतो.

येथे एक गंभीर आक्षेप घेता येईल, तो असा की धर्मपरंपरांनी शय्येच्या सुखाकडे संशयाने पाहिले असताना तिच्या निवडीला एवढा विचार का द्यावा. विनयपिटकात भिक्षूच्या पलंगाच्या पायांची उंची आठ अंगुळांपर्यंत मर्यादित केली आहे आणि कापूस भरलेल्या अंथरुणाला मनाई आहे; अष्टशील पाळणारा उपासक उंच व भारी शय्या टाळतो; दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत जमिनीवर झोपणे येते. दुसऱ्या बाजूला चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार मानले असून नीट अंथरलेली शय्या निद्रा आणणाऱ्या उपायांत गणली आहे, आणि महाराष्ट्रात मृताच्या नावाने गादी-उशीसह शय्यादान करण्याची रीत आजही पुष्कळ घरांत आहे. ही दोन मते एकमेकांना छेदत नाहीत. त्यांचे अधिकारी वेगळे आहेत, आणि येथेही व्यवस्थित विकल्पच लागू पडतो. अंगुत्तरनिकायातील एका संवादात थंडीच्या दिवसांत, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर असलेल्या बुद्धांना हत्थक नावाचा आळवीचा राजपुत्र विचारतो की झोप सुखाची लागली का, आणि बुद्ध होकार देतात. मऊ अंथरुणावरच्या श्रीमंत गृहस्थाला राग, द्वेष आणि मोह यांचा दाह झोपू देत नाही, असे ते समजावतात. या कथेवरून गादी निरर्थक ठरत नाही. निद्रेच्या कारणांत ती कितव्या क्रमांकावर आहे एवढेच ठरते.

जैन विचारातील बावीस परीषहांमध्ये, म्हणजे समभावाने सोसावयाच्या गोष्टींमध्ये, शय्या हा एक परीषह आहे. तो मुनींसाठी सांगितला असला तरी संकल्प केलेल्या गृहस्थाला त्याचा मर्यादित उपयोग आहे: गादीचा किंचित अनोळखी स्पर्श, पहिल्या आठवड्यातील कूस सापडण्याची धडपड, नव्या फोमचा वास, यांना विकल्प पुन्हा उघडण्याचे निमित्त करू नये. परंतु महिना उलटूनही सकाळी कंबर आखडत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील, तर ते सोसण्याचे क्षेत्र नाही. तेव्हा नवा भेद हाती आलेला असतो, विकल्प पुन्हा व्यवस्थित होतो, आणि गादी परत करण्याआधी वैद्यकीय सल्ला घेणे हे त्या व्यवस्थेचे पहिले अंग ठरते.