तारू आणि कोंडवाडा

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील गाव. नाव झाडाचे आहे. ज्याच्या पानात तंबाखू गुंडाळून विडी वळतात आणि ज्याची पिवळी, गोड फळे उन्हाळ्यात रानात मिळतात, तेच हे टेंभुर्णीचे झाड. वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, चिंचोली अशा नावांची गावे आपल्या मुलखात इतकी आहेत की, वस्ती करणाऱ्या पूर्वजांनी घराआधी झाड पाहिले असावे, असेच म्हणावे लागते. झाडाशी माणसाचा करार साधा असतो. ते जागचे हलत नाही, तेव्हा आपण त्याच्याकडे जावयाचे. वाघाशी, हरणाशी, घारीशी असा करार होऊ शकत नाही. ती आपल्या मर्जीने येतात आणि आपल्या मर्जीने जातात.

ज्या उद्यानात झाडे आणि प्राणी एकाच तिकिटात पाहावयास मिळतात, तेथे हा भेद नेमका पुसला जातो. आमच्या वाचकांपैकी वसई-मुंबईकडील बहुतेकांनी भायखळ्याची राणीची बाग पाहिली असेल. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय हे तिचे आजचे नाव. ती 1862 मध्ये खुली झाली ती वनस्पतिउद्यान म्हणून. प्राणी मागाहून आले. (तिच्या आधीची बाग शिवडीला होती. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत आपल्या माणसांना पोहोचविण्यास गेलेल्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते की, आपण एका जुन्या बागेच्या मातीवर उभे आहोत.) राणीच्या बागेत आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिचा अवाढव्य बुंधा हत्तीच्या अंगासारखा दिसतो. परंतु लोक तिच्यावरून पिंजऱ्यांकडे धावत जातात. आम्ही मात्र त्या झाडापाशी थांबलो असता एक विचार मनात आला. हे झाड समुद्रापलीकडून आले खरे, पण ते सबंध आले. माती, पाऊस आणि ऊन मिळाल्यावर झाडाला जे जे व्हावयाचे असते ते सर्व ते येथे झाले. वाघाचे तसे नसते. वाघ उद्यानात आणला म्हणजे वाघाचा बराचसा भाग रानातच राहून जातो. त्याचे दबा धरणे, रात्रीचे मैलोगणती चालणे, आपली हद्द आखणे, नको असेल तेव्हा दिसेनासे होणे, यांतील काहीही पिंजऱ्यात मावत नाही. मग आपण तिकीट काढून पाहतो ते नेमके काय, हा प्रश्न उरतो.

हाच प्रश्न एका मुलाने अधिक सरळ शब्दांत विचारला. टेंभुर्णी परिसरातील काही मुलांना घेऊन आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, सिद्धार्थ उद्यानात गेलो होतो. तेथेही बाग आणि प्राणिसंग्रहालय एकत्र आहेत. वाघापुढे बराच वेळ उभा राहून एक मुलगा म्हणाला, "फादर, याला सोडवायला कोण येतं?" बरोबरची मुले हसली. परंतु मुलाचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. गावचा कोंडवाडा त्याला माहीत होता. उभ्या पिकात शिरलेले जनावर तेथे कोंडतात, मालक येतो, दंड भरतो आणि जनावर सोडवून नेतो. म्हणजे कोंडण्याला काही कारण असते, काही मुदत असते आणि शेवटी कोणीतरी येणारा असतो. या तिन्ही गोष्टी त्या मुलाला समोर दिसेनात.

प्राणिसंग्रहालयाच्या बाजूने साधारणतः तीन उत्तरे देतात. त्यांतील करमणुकीचे उत्तर आता कोणी उघडपणे देत नाही, ही तरी बरी गोष्ट आहे. दुसरे उत्तर शिक्षणाचे. त्यात तथ्य आहे. हत्ती चित्रात पाहणे आणि त्याच्या श्वासाचा आवाज ऐकणे यांत अंतर आहेच. परंतु पिंजऱ्यात पावलांची तीच ती फेरी घालणारे जनावर पाहून मूल जनावराविषयी काय शिकते आणि माणसाविषयी काय शिकते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. आम्ही सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी वाचली होती की, पशूंशी क्रूरपणे वागू नये, कारण त्यामुळे मनुष्य माणसांशीही क्रूर होतो. एवढ्या थोर बुद्धीविषयी आदर बाळगूनही आम्हांला हे उत्तर अपुरे वाटते. त्यात पशू हा आपल्या सद्गुणांच्या तालमीचे साधन ठरतो. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात यापुढे पाऊल टाकले: इतर जिवांना माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे असे मोल आहे, कारण परमेश्वराचे त्यांच्याशीही नाते आहे. हे एकदा मान्य केले की 'आम्हांला यातून काय मिळते' हा प्रश्न पुरत नाही. 'त्याला यातून काय मिळते' हेही विचारावे लागते.

तिसरे उत्तर संवर्धनाचे, आणि ते सर्वांत वजनदार आहे. रान उरले नाही, तेव्हा प्राणिसंग्रहालय हेच आजचे नोहाचे तारू, असे म्हणतात. ही उपमा आम्ही गांभीर्याने घेतो, कारण तिच्या बाजूने खरी साक्ष आहे. फ्रेंच मिशनरी फादर अर्मांद दाविद यांनी 1865 मध्ये पेकिंगजवळच्या बादशाही शिकारबागेच्या भिंतीपलीकडे एक अपरिचित हरीण पाहिले. रानात ती जात तेव्हा उरलीच नव्हती. भिंतीआडचा कळप हाच तिचा शेवटचा ठेवा होता. पुढे पूर आला, मग 1900 चा उठाव आला आणि चीनमधील तो कळपही संपला. परंतु त्याआधी युरोपातील संग्रहालयांत गेलेली मूठभर हरणे इंग्लंडच्या एका उमरावाने आपल्या वाडीत एकत्र केली आणि त्यांचा वंश वाढला. 1985 मध्ये त्यांच्यातील काही चीनला परत गेली, तीही त्याच जुन्या शिकारबागेच्या जागी. ज्याला कुंपण सरसकट पाप वाटते, त्याने या हरणाचा विचार करावा. कुंपण नसते तर आज ते हरीण नसते.

मात्र उत्पत्तीच्या ग्रंथातील कथा आपण अर्धीच सांगतो. मुलांच्या चित्रांत तारू नेहमी पाण्यावर तरंगताना दिसते, जिराफाची मान खिडकीतून बाहेर आलेली असते. कथेचा मोठा भाग त्यानंतर आहे. नोहा कावळा सोडतो, कबुतर सोडतो, वाट पाहतो. आणि जमीन सुकल्यावर परमेश्वर स्वतः त्याला सर्व जिवांसह बाहेर निघण्यास सांगतो. ते तारू बाहेर पडण्यासाठीच बांधले होते. ज्याचे दार कधीच उघडावयाचे नाही, त्याला तारू म्हणणे हा शब्दाचा अपव्यय होय.

हाच विवेक आमच्या मराठवाड्याच्या मातीतही आहे. तेराव्या शतकातील श्रीचक्रधर स्वामींच्या लीळांत सशाची एक लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. शरण आलेल्याला देता येत नाही, असे स्वामींनी त्यांना समजाविले. ते निघून गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला आदराने जावयास सांगितले. टेंभुर्णीशेजारच्या भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे स्थान आहे. स्वामी तेथील जाळीत वाघाच्या पिल्लांशी खेळले, अशी परंपरा सांगते. पंथ वेगळा, श्रद्धा वेगळी. पण सशाच्या कथेत आम्हांला तारवाचीच आठवण होते. ससा आपण होऊन आला, संकट टळेपर्यंत राहिला आणि गेला. स्वामींनी तो पाळला नाही.

आता आपल्या भागातील दोन वाघांकडे पाहू. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर निघाला. गळ्यात बांधलेल्या पट्ट्यामुळे त्याचा माग ठेवता आला. शेते, ओढे, रस्ते ओलांडीत, तेलंगणातून वळसा घेऊन तो तेराशे किलोमीटरहून अधिक चालला आणि त्या वर्षअखेरीस आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 2020 मध्ये, सिद्धार्थ उद्यानात जन्मलेले शक्ती आणि करिश्मा हे वाघ-वाघीण गाडीतून मुंबईला राणीच्या बागेत नेण्यात आले. दोघांना तेथे पिल्लेही झाली. पहिल्या वाघाचे गुणगान करून दुसऱ्यांची कीव करणे सोपे आहे. परंतु प्रामाणिकपणे बोलावयाचे तर ज्ञानगंगेच्या वाघाला तेथे वाघीण नव्हती. भूक, एकटेपणा आणि वाटेतील विहिरी व विजेच्या तारा हे त्याच्या स्वातंत्र्याचे मोल होते. मुंबईतील जोडीला वेळेवर मांस होते, वैद्य होता, सोबत होती. सुख एवढाच निकष असेल तर पिंजरा जिंकतो. आम्ही तो निकष मानीत नाही. माणसाच्या बाबतीतही मानीत नाही, अन्यथा तुरुंगातील दोन वेळच्या जेवणाचा हेवा करावा लागेल. जिवाला जे होण्यासाठी घडविले ते होऊ देणे, हे त्याच्या सुरक्षिततेहून मोठे आहे, असे आमचे मत आहे.

पण मग पिंजऱ्यातच जन्मलेल्यांचे काय? त्यांना रानात सोडणे ही दया नव्हे. शिकार न शिकलेला वाघ उपाशी मरेल किंवा गावात शिरेल. येथे दार उघडता येत नाही, आणि ते आपणच तसे करून ठेवले आहे. म्हणून आम्हांला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. जे आहेत त्यांचा मरेपर्यंत सांभाळ करणे हे ऋण आहे, ते फेडलेच पाहिजे. केवळ पाहणाऱ्यांच्या हौसेसाठी नवे जीव जन्मास घालणे ही मात्र वेगळी बाब आहे. पांढऱ्या वाघाचेच पाहा. 1951 मध्ये रीव्याच्या महाराजांनी मोहन नावाचे पांढरे पिल्लू पकडले आणि पुढे त्याच्याच मुलीशी त्याचा संकर करून पांढरी संतती मिळविली. रानाला या रंगाची गरज नव्हती. गरज होती ती आपल्या डोळ्यांना. 2016 मध्ये आठ हम्बोल्ट पेंग्विन सेऊलहून मुंबईच्या उकाड्यात आणले गेले आणि थंड खोलीत ठेवले गेले. त्यांतील एक काही महिन्यांतच दगावला. पुढे पिल्ले झाली, गर्दीही झाली. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावर त्या जातीचे जे भले व्हावयाचे, त्याच्याशी या गर्दीचा संबंध कोणी आम्हांला समजावून सांगितला तर आम्ही ऐकण्यास तयार आहोत.

निसर्गवाटेवर असा हिशेब उलटा होतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिलोंड्याच्या वाटेने चालताना आम्हांला बिबट्या कधी दिसला नाही. त्याने आम्हांला पाहिले असणे मात्र शक्य आहे. तेथे पाहुणे आपण असतो. दिसावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. मुले अशा सहलीहून 'काहीच दिसलं नाही' म्हणून कुरकुरत परततात, हे खरे. त्या कुरकुरीला आम्ही फारसे घाबरत नाही. टेंभुर्णीच्या पानावरची शीर दाखवावी, वारूळ दाखवावे. उरलेले न दिसलेलेच बरे.

दार उघडण्याचे कामही सोपे समजू नये. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने आपल्या देशातील गिधाडे पाहता पाहता नाहीशी झाली. 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांची पैदास करण्यात आली, आणि 2024 मध्ये त्यांतील काही पक्षी पेंच व ताडोबाच्या रानांत आणून मोकळे सोडण्यात आले. काही दूरवर उडत गेले, काही दगावले. दगावलेल्यांमुळे हा प्रयोग चुकला असे आम्ही म्हणणार नाही. नोहाचा कावळाही इकडेतिकडे फिरतच राहिला होता.

एका संग्रहालयात वयोवृद्ध सिंहिणीची देखभाल करणाऱ्या माणसाशी आमची ओळख आहे. आम्ही त्याला हे सारे तारवाचे आणि दाराचे विवेचन ऐकविले. त्याने ऐकून घेतले, बादली धुतली आणि म्हणाला, "फादर, तुमचं बरोबर असंल. पण मी दोन दिवस रजेवर गेलो तर ती खात नाही. पोरीच्या लग्नातसुद्धा मी संध्याकाळी येऊन तिला टाकून गेलो."