काविळीच्या माळेचे श्रेय

रोग बरा झाला असता त्याचे श्रेय कोणाच्या नावे जमा करावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच न्यायशास्त्राचाही आहे, आणि त्याची कसोटी पाहण्यास काविळीसारखे दुसरे दुखणे नाही. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे 120 दिवसांची मुदत भरून मोडल्या म्हणजे त्यांतून निघणारे पिवळे द्रव्य पित्तावाटे बाहेर घालवणे हे यकृताचे नित्यकर्म. दूषित पाण्यातून ‘ए’ किंवा ‘ई’ जातीचा विषाणू शिरून यकृतास सूज आली की हे काम तुंबते आणि डोळे पिवळे होतात. बहुतेकांचे शरीर काही आठवड्यांत या विषाणूचा बंदोबस्त करते, व झीज भरून काढण्याची विलक्षण शक्ती लाभलेले यकृत पुन्हा कामावर रुजू होते.

नेमक्या त्याच आठवड्यांत रोग्याच्या डोक्यावर काविळीची माळ असते. ओल्या काड्यांचे तुकडे सैल फाशांत गुंफलेले. काड्या वाळून आकसतात, फासे सरकतात, माळ लांबत लांबत गळ्यात आणि मग छातीवर येते, आणि तिच्याबरोबर कावीळ उतरली असा दाखला मिळतो. अशा योगायोगाला आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणत. माळ न घालणारेही बरे होतात आणि निरोगी माणसाच्या डोक्यावरही माळ वाढतेच, हा व्यतिरेक तपासण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

तरीही श्रद्धावानाला मी मूर्ख ठरवणार नाही. नागपुरात इतवारीच्या धान्यबाजारातील एका वृद्ध अडत्याने माळेची जी वकिली केली तिच्याहून सरस मी ऐकलेली नाही: “माळेनं कावीळ जाते का नाही हे देव जाने, पन गळ्यात माळ हाये तोवर पोट्टा घरी पडून राह्यते, अन् दारूले शिवत नाही.”

म्हणजे माळ हे औषध नव्हे, व्रत. आणि व्रत म्हणून तिला माझी हरकत नाही. परंतु ‘बी’ विषाणूने किंवा दारूने वर्षानुवर्षे मुकाट्याने कठीण होत गेलेल्या यकृताची कावीळ ही अखेरच्या तगाद्यासारखी उशिरा येते, मागोमाग जलोदर आणि रक्ताची उलटी. ‘ई’ची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते. तेथेही माळ तितकीच लांबते. यांपैकी कोणती कावीळ कोणाला झाली आहे हे जवळच्या मेयो रुग्णालयात रक्त तपासून कळू शकते; पथ्य पाळवून घेण्याची मुखत्यारी माळेकडे असेलही, पण दुखण्याचा फैसला करण्याचा अधिकार तिला कोणी दिला, असे विचारल्यावर अडत्या हसला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.