शेरा कोणाचा, कंस कोणाचा

सातबारा हातात आला की जाणता माणूस मालकाचे नाव नंतर वाचतो. आधी त्याची नजर उजवीकडच्या ‘इतर अधिकार’ या रकान्याकडे जाते. जमिनीची खरी कुंडली तिथे असते. विकास सोसायटीचा इकरार, बँकेचा बोजा, ‘कूळकायदा कलम 43 च्या बंधनास पात्र’, ‘नवीन अविभाज्य शर्त’, ‘पुनर्वसनासाठी राखीव’, ‘तुकडा’, कुठे ‘ए.कु.मॅ.’, कुठे ‘अ.पा.क.’. प्रत्येक शेऱ्याखाली फेरफाराचा नंबर असतो आणि त्यातले बरेचसे फेरफार आजच्या खातेदाराच्या जन्माआधीचे असतात. जमीन विकायला काढली, कर्ज मागितले किंवा वाटणी करायचे ठरले की हा रकाना आडवा येतो आणि घरात एकच प्रश्न उभा राहतो : हा शेरा काढायचा कोणी?

गावात याचे उत्तर ‘तलाठी’ असे मिळते. तलाठी मंडळ अधिकाऱ्याकडे बोट दाखवतो, मंडळ अधिकारी तहसीलदाराकडे, तहसीलदार प्रांताकडे. बोट वर वर सरकत जाते, कारण सगळ्यांनी गृहीत धरलेले असते की मोठ्या साहेबाला मोठा शेरा काढता येतो. माझे म्हणणे असे की हे गृहीतच चुकीचे आहे. शेरा काढण्याचा अधिकार पदाच्या उंचीवर ठरत नाही. तो शेरा ज्या कायद्यातून, ज्या आदेशातून किंवा ज्या करारातून आला, तिथेच त्याच्या सुटकेचा अधिकार असतो. महसूल दप्तर ही फक्त त्याची वही.

फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालय 1996 च्या सावर्णी विरुद्ध इंदर कौरपासून 2021 च्या जितेंद्र सिंग प्रकरणापर्यंत सांगत आले आहे. हे वाक्य तालुक्याच्या कोर्टातल्या प्रत्येक वकिलाला पाठ आहे. पण याच विचाराची दुसरी बाजू क्वचितच कोणी बोलून दाखवतो. नोंदीने हक्क निर्माण होत नसेल, तर नोंदीने बंधनही निर्माण होत नाही. मग जिवंत बंधनाचा शेरा उडवला म्हणून ते बंधन मरत नाही, आणि मेलेल्या बंधनाचा शेरा जपून ठेवला म्हणून त्याला पुन्हा जीव येत नाही.

हे तत्त्व म्हणून ठीक आहे. व्यवहारात मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 157 सांगते की हक्कनोंदणीतली नोंद, विरुद्ध शाबीत होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद येईपर्यंत, खरी मानायची. म्हणून बँकेचा अधिकारी आणि खरेदीदाराचा वकील शेऱ्याकडे बघून मागे सरतात आणि त्यांचे काही चुकत नाही. नोंद हा हक्क नसला तरी ती दार अडवून बसू शकते. याचसाठी ती कोण हलवू शकतो हा प्रश्न कारकुनी नाही.

बोज्याचे प्रकरण सोपे आहे. कर्ज फिटले, बँकेने तसे पत्र दिले की बोजा कमी होतो. ज्याच्या हितासाठी नोंद लागली त्यानेच हात काढून घेतला, वादाला जागा उरत नाही. आता ‘ई-हक्क’वर घरबसल्या अर्जही करता येतो. खरी गुंतागुंत सुरू होते ती कायद्याने घातलेल्या बंधनांपाशी.

कूळकायद्याच्या कलम 43 चे उदाहरण घ्या. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन. त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक मानले गेले, पुढे 32-ग खाली किंमत ठरली, ती भरल्यावर 32-म चे प्रमाणपत्र मिळाले. मिळालेली जमीन कुळाने लगेच सावकाराच्या किंवा जुन्या मालकाच्या घशात घालू नये म्हणून कलम 43 ने पूर्वपरवानगीची अट घातली. अट शहाणपणाची होती. पण 2014 मध्ये विधिमंडळाने स्वतःच ती सैल केली. खरेदीला दहा वर्षे उलटली असतील तर परवानगीची गरज नाही, आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, चाळीस पट नजराणा भरायचा आणि बाकीच्या अटी पाळायच्या : घेणारा शेतकरी असावा, कमाल धारणा मर्यादा ओलांडू नये, तुकडेबंदी मोडू नये. चाळीस पट म्हणजे किती? उताऱ्यावर आकार 3 रुपये 20 पैसे असेल तर 128 रुपये. तहसील कचेरीत जायच्या एसटीच्या तिकिटांना त्याहून जास्त जातील.

रक्कम किरकोळ आहे, मुद्दा मात्र मोठा. परवानगीची अट उठवण्याचा अधिकार विधिमंडळाचा होता, तो त्याने वापरला. खालच्या अधिकाऱ्याकडे उरले ते दहा वर्षे मोजणे, चलन पाहणे आणि नोंद घेणे. इथे त्याला ‘द्यावे की न द्यावे’ असा विवेकाधिकारच नाही. तरीही ‘परवानगी आणा’ हे पालुपद थांबत नाही, कारण रकान्यात अजून तेच जुने वाक्य बसलेले असते आणि वाचणारा कायदा न वाचता रकाना वाचतो. इथे कायदा पुढे गेला आणि वही मागे राहिली.

इनाम-वतनाच्या आणि सरकारने वाटप केलेल्या वर्ग 2 च्या, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या, जमिनींचे तसे नाही. तिथे शर्त सरकारनेच जमीन देताना घातलेली असते, म्हणून ती सोडवण्याचा मोबदलाही सरकार ठरवते. सरकारने वाटप केलेल्या जमिनींसाठी 2019 च्या नियमांनी वर्ग 2 चे वर्ग 1 करण्याची वाट घालून दिली. अधिमूल्य परवडते की नाही हा वेगळा भांडणाचा विषय. पण अधिकार कुठून येतो हे तिथे निदान स्पष्ट आहे.

उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. 1956-57 च्या सुमारास वन अधिनियमाच्या कलम 35(3) खाली काही जमिनींबाबत नोटिसा निघाल्या. 1975 मध्ये खाजगी वने संपादन करणारा कायदा आला आणि 30 ऑगस्ट 1975 पासून ‘खाजगी वन’ या व्याख्येत बसणारी जमीन राज्याकडे निहित झाली. अशी नोटीस निघालेली जमीनही त्या व्याख्येत होती. त्यानंतर अनेक दशके कोणी काही केले नाही. मधल्या काळात मुलुंड-विक्रोळीकडे महापालिकेच्या परवानगीने इमारती उभ्या राहिल्या, माणसांनी कर्जे काढून घरे घेतली. मग जनहित याचिकेच्या निमित्ताने दप्तर ‘पूर्ण’ करण्याची मोहीम निघाली आणि 2006 च्या सुमारास हक्कनोंदणीत वनाचे शेरे चढले. उच्च न्यायालयाने 2008 मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज अँड बॉइस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली : नुसती नोटीस काढून भागत नाही, ती बजावली गेली पाहिजे, आणि अर्धशतक पडून राहिलेल्या नोटिशीवर जमीन निहित होत नाही.

जंगल वाचावे असे मलाही वाटते. बोरिवलीच्या उद्यानाच्या कडा कुरतडल्या जाताना पाहून कोणाला बरे वाटेल? पण ते वाचवण्याची जागा वहीचा रकाना नव्हे. मूळ कृती पक्की नसताना शेरा चढवला, आणि तो उतरवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शेरा चढायला एक पत्र पुरते, उतरायला मात्र निकाल लागतो. ही विषमता साऱ्या दुखण्याच्या मुळाशी आहे.

यावर कचेऱ्यांनी शोधलेली पळवाट म्हणजे संहितेचे कलम 155. लेखनप्रमाद, आणि संबंधितांनी कबूल केलेल्या चुका, दुरुस्त करण्यासाठी हे कलम आहे. ‘पाटील’चे ‘पटेल’ झाले, 0.40 हेक्टरच्या जागी 0.04 लागले, हस्तलिखितावरचा गट संगणकावर चढवताना सुटला, अशा गोष्टींसाठी. सातबारा संगणकीकृत होताना या कलमाचा भरपूर आणि रास्त वापर झाला. पण त्याच दाराने शर्ती उडाल्या, कुळांची नावे गेली, वर्ग 2 चे वर्ग 1 झाले, आणि दरवेळी कारण लिहिले गेले : लेखनप्रमाद. उच्च न्यायालयाने हे कलम हक्काच्या वादासाठी नाही असे पुन्हा पुन्हा बजावले आहे. तसा आदेश घेऊन जमीन विकत घेणाऱ्याची गत वाईट होते. त्याला वाटते शेरा गेला, पण बंधन कायद्यात जिवंत असते, आणि पुढे केव्हातरी शर्तभंगाची नोटीस त्याच्याच नावाने येते. आदेश देणारा साहेब तोवर बदलून गेलेला असतो.

आणि आता ‘ए.कु.मॅ.’. एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, मुले पाच, तलाठ्याने थोरल्याचे नाव लावले आणि पुढे ही तीन अक्षरे घातली. बाकीच्या चौघांचा हक्क त्या तीन अक्षरांत सामावलेला. पुढे थोरला गेला, त्याच्या मुलांची वारसनोंद झाली, आणि ती अक्षरे तशीच राहिली किंवा नव्या उताऱ्यावर यायचीच विसरली. आज थोरल्याचा नातू म्हणतो, हा जुनाट शेरा काढून टाका, कर्ज मिळत नाही. त्याची अडचण खरी आहे. पण या शेऱ्याला नुसता कंस केला, म्हणजे कंसात घालून तो रद्द दाखवला, तर काय होते? चार भावंडांच्या शाखा एका फटक्यात दप्तराबाहेर जातात आणि एकट्या थोरल्याची शाखा निर्वेध मालक दिसू लागते.

बोजा आणि ए.कु.मॅ. एकाच रकान्यात बसतात किंवा त्याच्या आसपास दिसतात, म्हणून दोन्हींना ‘शेरा’च म्हणतात. पण बोजा खातेदाराला अडवतो, तर ए.कु.मॅ. गैरहजर माणसाला राखतो. हा शेरा कमी करण्याचा एकच कायदेशीर मार्ग आहे : ज्या फेरफाराने थोरल्याचे नाव लागले तिथपर्यंत मागे जायचे आणि मूळ पुरुषाच्या सगळ्या वारसांची नावे लावायची. नावे लागली की शेरा आपोआप निरर्थक होतो. वारसांत मुलीही आल्या. 1994 च्या राज्य दुरुस्तीने आणि 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने त्यांना जन्मसिद्ध हिस्सा दिला. 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यासाठी 2005 साली बाप हयात असण्याची अट नाही.

2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राज्यभर काढली. आधी मयत खातेदारांच्या वारसनोंदी, पुढच्या टप्प्यात कालबाह्य शेरे : तगाई (जुने सरकारी शेतीकर्ज), बंडिंगचे बोजे, अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता), ए.कु.मॅ. वगैरे. तगाईची नोंद जायलाच हवी. अज्ञान मूल म्हातारे झाल्यावर त्याच्या नावापुढचा पालनकर्ता कशाला हवा? पण या यादीत ए.कु.मॅ. तगाईच्या शेजारी बसवणे मला धोक्याचे वाटते. मोहिमेला मुदत असते, रोजचा आकडा वर पाठवायचा असतो, आणि आकडा कंसाने लवकर भरतो, वारसांच्या शोधाने नाही.

इंग्लंडच्या 2002 च्या भूनोंदणी कायद्याखाली लागणारे बंधन रजिस्टरात पूर्ण वाक्यात येते : अमक्याच्या लेखी संमतीशिवाय व्यवहार नोंदवू नये. संमती कोणाची, हे नोंदच सांगते. आपल्याकडे तीन अक्षरे आणि एक फेरफार नंबर. शेऱ्यासोबत कायद्याचे कलम, आदेश देणारा अधिकारी आणि बंधन कशाने संपते ही अट, एवढे तीन तपशील छापले तर 2014 च्या दुरुस्तीनंतर कलम 43 चा शेरा काय सांगतो हे वाचणाऱ्याला कचेरीत विचारावे लागणार नाही. सातबारा आता संगणकावर आहे. तीन रकाने वाढवणे अवघड नाही.

ए.कु.मॅ. साठी मात्र तेवढ्याने भागणार नाही. संहितेच्या कलम 150 ची पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागते. ज्या बहिणीचे नाव दप्तरात कधी लागलेच नाही, तिचा पत्ता कचेरीत नसतो. तो थोरल्याच्या घरात असतो. तेव्हा अर्ज करणाऱ्यानेच वंशावळीसह प्रत्येक शाखेचा पत्ता प्रतिज्ञापत्रावर द्यावा, नोटीस त्या पत्त्यावर टपालाने जावी आणि पोचपावती फेरफाराला जोडल्याशिवाय मंडळ अधिकाऱ्याने सही करू नये. मोहिमेचा आकडा त्यामुळे रोडावेल. रोडावू दे.