सापडलेले आणि मिळालेले

इंग्लंडात एक छंद बराच रूढ आहे. सुटीच्या दिवशी सकाळी माणसे कानांना श्रवणयंत्र लावून आणि हातात एक लांब दांडा घेऊन बागांतून, शेतांतून हिंडतात. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. जमिनीखाली धातू असला की त्या वेटोळ्याला तो कळतो आणि कानात सूर उमटतो. मग गुडघे टेकून हिरवळीचा एक चौकोन अलगद उचलायचा, खालची माती चाचपायची आणि चौकोन पुन्हा जागच्या जागी बसवायचा. बहुतेक वेळा हाती येते ते बाटलीचे झाकण किंवा गंजका खिळा. पण एखाद्या दिवशी राणी व्हिक्टोरियाच्या काळची पेनी निघते, आणि त्या माणसाला जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटते.

या आनंदाला मी हसणार नाही. धनत्रयोदशीला आमच्या पाटावर एक राणीछाप रुपया ठेवतात. तो हाती घेतला की किती हातांतून तो गेला असेल, या विचाराने मीही क्षणभर हरवून जातो. मात्र तो रुपया आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून माझ्याकडे आला. त्याच्या मालकीविषयी शंका नाही. मातीतून वर आलेले नाणे कोणाचे, हा प्रश्न तितका सोपा नाही.

मी तो वर्गात विचारला, तेव्हा बहुतेक मुले म्हणाली, ‘ज्याला सापडले त्याचे.’ एक मुलगी म्हणाली, ‘ज्याचे हरवले त्याचे.’ ‘आणि तो जाऊन हजार वर्षे झाली असतील तर?’ असे मी म्हटल्यावर वर्ग गप्प झाला. कायदा असा गप्प बसत नाही. आपल्याकडच्या १८७८ सालच्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक केले. खरा मालक पुढे आला नाही आणि दुसरा करार नसला, तर सापडणाऱ्यास तीन हिस्से आणि जमीनमालकास एक, अशी वाटणीही त्याने ठरवून दिली. पण वाटणी ठरली म्हणून प्रश्न मिटत नाही. कायदा किमतीची वाटणी करतो. नाण्यात किमतीहून निराळे असे काही असते, त्याचे काय करायचे?

२०१५ साली इंग्लंडात दोन ठेवे सापडले. दोन्ही अकराशे-साडेअकराशे वर्षांपूर्वीचे, व्हायकिंगांच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत पुरलेले. ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टनजवळ ज्याला ठेवा सापडला, त्याने तज्ज्ञांना बोलावले. मातीचा तो गोळाच्या गोळा उचलून नेण्यात आला आणि त्यातले एकेक नाणे सावकाश मोकळे करण्यात आले. हेरफर्डशायरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांना जे सापडले, ते त्यांनी लपवले आणि विकायला काढले. नाणी तीनशेच्या आसपास असावीत असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक अजून हाती आलेली नाहीत. २०१९ साली त्या दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

चोरी चांदीची झाली, असे कोणीही म्हणेल. माझ्या मते ती खरी चोरी नव्हे. त्या नाण्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ या दोघांची नावे आहेत. आल्फ्रेडच्या दरबारच्या छायेत लिहिलेल्या बखरीने चेओलवुल्फला शत्रूच्या ओंजळीने पाणी पिणारा मूर्ख सरदार ठरवले होते. नाणी मात्र सांगतात की दोघांनी एकाच घाटाचे चलन पाडले. काही नाण्यांवर तर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत. म्हणजे हजार वर्षे बदनाम झालेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा एक साक्षीदार मातीत उभा होता. वॉटलिंग्टनच्या माणसाने त्याला न्यायासनापुढे आणले. दुसऱ्या दोघांनी त्याचे तोंड दाबून त्याला बाजारात विकले.

आमच्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंबी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली. ती क्षत्रप नहपानाची. आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. जित कोण, जेता कोण, हे तिथे एका दृष्टीत कळते. त्यांतले एखादेच नाणे सुटे हाती आले असते, तर नवल वाटले असते, एवढेच. सगळी एकत्र होती म्हणून कळले की हा कोणा एका टांकसाळीचा चाळा नव्हता. राज्याचे चलनच नव्या नावाने फिरू लागले होते. सोनाराच्या मुशीत ती गेली असती तर चांदीचा गुंजभरही तोटा झाला नसता. बुडाली असती ती नुसती हकीकत.

यावर कोणी म्हणेल, मास्तर, पगारी माणसाला हे बोलायला काय जाते? सावकाराचे देणे डोक्यावर असलेल्या शेतकऱ्याच्या नांगराला हंडा लागला, तर त्याने कचेरीचे उंबरे झिजवावेत की रातोरात सोनार गाठावा? हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो टाळणार नाही. प्रामाणिकपणाची किंमत फक्त गरिबाने मोजावी, असे म्हणणारी नीती ही नीती नव्हे. सांगायला आलेल्याला चोरासारखे वागवणारा समाज त्याला चोरी शिकवतो. इंग्लंडात १९९७ पासून, कायद्याची सक्ती नसलेल्या सटरफटर वस्तूंचीही नोंद लोकांनी आपण होऊन करावी, अशी योजना आहे. आतापर्यंत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तिथे झाली. नोंद झाली की बहुतेक वस्तू सापडणाऱ्याला परत मिळतात. विश्वास ठेवला की माणसे येतात, हे त्यावरून दिसते. पण हेही विसरून चालणार नाही की लेमिन्स्टरच्या दोघांना कायद्याने वागूनही घसघशीत मोबदला मिळण्याजोगा होता. तेव्हा सगळा दोष गरजेच्या माथी मारता येत नाही. हाव ही गरजेची सख्खी बहीण नव्हे. ती तिचे लुगडे नेसून येते, इतकेच.

आपल्या भाषेत ‘सापडणे’ आणि ‘मिळणे’ ही दोन क्रियापदे वेगळी आहेत. मिळालेले आपले असते. कोणी तरी ते आपल्याला दिलेले असते किंवा आपण ते कमावलेले असते. सापडलेल्याला देणारा नसतो. ते आपल्यापाशी येते ते वाटेत थांबल्यासारखे. बागेत गुडघे टेकून बसलेल्या त्या माणसाला आनंद मिळतो. तो त्याचाच, आणि त्यात कोणी वाटेकरी नाही. नाणे मात्र त्याला सापडलेले असते. ते कुठे, किती खोल आणि कोणाच्या शेजारी पडले होते, एवढे त्याने मोकळेपणाने सांगावे. पुढे ते त्याच्या पेटीत राहिले काय आणि संग्रहालयात गेले काय, ज्याने ते पुरले त्याचे ऋण फिटले असे मी समजेन.