सोबतीचे ऋण

चौघांनी मिळून रविवारी सकाळी फिरावयास जाण्याचे ठरविले आणि त्यांतील एक जण आलाच नाही, तर उरलेल्या तिघांना त्याच्याविरुद्ध फिर्याद करता येईल काय? एखाद्या अशिलाने असा प्रश्न विचारला तर मी त्याला हसून वाटेला लावीन. पण इंग्लंडातील एका विख्यात न्यायमूर्तींना हा प्रश्न निकालपत्रात घेण्याइतका महत्त्वाचा वाटला होता. १९१९ सालचा ‘बाल्फर विरुद्ध बाल्फर’ हा खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. सिलोनात नोकरीस असलेल्या पतीने इंग्लंडात मागे राहिलेल्या पत्नीला दरमहा तीस पौंड देण्याचे कबूल केले होते. तो शब्द न्यायालयाने अंमलात आणावा काय, हा वाद होता. न्यायमूर्ती ॲटकिन यांनी नकार दिला, आणि शब्द दिला-घेतला तरी करार होत नाही याची दोन उदाहरणे दिली. एक, दोघांनी मिळून फिरावयास जाण्याचे ठरविणे. दुसरे, पाहुणचाराचे आमंत्रण देणे आणि ते स्वीकारणे.

विद्यार्थिदशेत ही उदाहरणे मी परीक्षेपुरती घोकली होती. चाळिशी उलटल्यावर ती माझ्याच आयुष्यात एकत्र येतील आणि मला अस्वस्थ करतील, असे तेव्हा वाटले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी मी पणजीतील एका मंडळात जाऊ लागलो. हे मंडळ कोठे नोंदलेले नाही. त्याला घटना नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. महिन्यातून एका रविवारी सकाळी शहराचा एखादा वाडा पायी हिंडावयाचा, आणि एका शनिवारी सायंकाळी कोणाच्या तरी अंगणात जमून वाईन चाखावयाची, एवढाच त्याचा कार्यक्रम. डॉक्टर, शिक्षिका, बँकेतील माणसे, एक-दोन वास्तुशिल्पी आणि नोकरीतून निवृत्त झालेली काही मंडळी अशी पंधरा-वीस जणांची ही संगत होती. मी का गेलो, हे प्रामाणिकपणे सांगावयाचे तर एकटेपणामुळे. वकिलाच्या ओळखी पुष्कळ असतात, पण प्रत्येक ओळखीला काही तरी काम चिकटलेले असते. अशील येतो तो कज्जा घेऊन, नातलग येतो तो वाटणी घेऊन, देवळातील माणूस येतो तो समितीची निवडणूक घेऊन. काही काम नसताना ज्याच्याशेजारून चालावे असा माणूस मला उरला नव्हता.

त्या मंडळाने मला पुष्कळ दिले, हे प्रथम नमूद केले पाहिजे. वीस वर्षे पणजीत वकिली करूनही मी पणजी पाहिली नव्हती. मळ्यातील झरीपासून मारुतीच्या टेकडीपर्यंतचा चढ, ‘रुआ-द-ओरें’च्या खाडीकडे उतरणाऱ्या फोंताइन्हासच्या अरुंद गल्ल्या, लाकडी सज्जे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, हे सारे मी गाडीच्या काचेतून ओझरते पाहिले होते. चालणाऱ्याच्या पायांना मात्र शहराचे वय कळते. महालक्ष्मीचे देऊळ १८१८ साली उभे राहिले, तोवर पोर्तुगीज अमलाखालील या गावात हिंदूंना देऊळ बांधण्याची मुभा नव्हती. आणि १८४३ साली याच गावाला राजधानीचा मान मिळाला. ही दोन वर्षे पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या दोहोंमधले अंतर पायांनी मोजणे निराळे.

फोंताइन्हासमध्ये सां सेबास्तियांवचे एक लहानसे कपेल आहे. तेथे जो क्रूस आहे तो एके काळी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या प्रासादात होता. १५६० ते १८१२ या काळात, मध्यंतरीचा अल्प खंड सोडला तर, त्या न्यायासनाचा अंमल गोव्यावर चालला. आमचे देव सासष्टी-तिसवाडीतून नदीपार अंत्रुजात गेले ते सोळाव्या शतकाच्या त्याच धामधुमीत. त्या क्रूसासमोर मी उभा होतो, आणि शेजारी मंडळातील एक ख्रिस्ती गृहस्थ उभे होते. दोघांनाही तो इतिहास ठाऊक होता. कोणी काही बोलले नाही. बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. अशा गोष्टी सभा-परिषदांत घडत नाहीत. बरोबर चालणाऱ्यांतच घडतात.

आता त्या मंडळाच्या दोन उण्या बाजू सांगतो. पहिली लहान आहे. एका रविवारी आम्ही पंधरा जण एका गल्लीत थांबून एका घराच्या सज्जाची वाखाणणी करीत होतो. आत एक वृद्ध बाई सकाळची कॉफी घेत बसल्या होत्या. आमच्याकडे एकवार पाहून त्यांनी खिडकी लोटून घेतली. त्या भागात छायाचित्रे काढू नयेत, गलका करू नये, अशा पाट्या रहिवाशांनी लावलेल्या आहेत. आम्ही त्या वाचल्या होत्या आणि त्या यात्रेकरूंसाठी आहेत, आपणांसाठी नव्हेत, असे समजून चाललो होतो. आम्हांला जे प्रेक्षणीय होते ते त्या बाईंचे घर होते.

दुसरी उणी बाजू माझी स्वतःची आहे.

आमच्या घरी मद्य वर्ज्य. स्मृतिकारांनी सुरापानाची गणना महापातकांत केली आहे, आणि यादवांचे कुल प्रभासक्षेत्री कशाने बुडाले हे लहान मुलालाही ठाऊक असते. मी मंडळात वाईन घेऊ लागलो ती बंड म्हणून नव्हे, संकोच म्हणून. आणि पुढे संकोच गेला व आवड राहिली. यात माझे काही अधःपतन झाले असे मला वाटत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात आली. ख्रिस्ती मित्राच्या घरी वाईनला एक मर्यादा असते. ती जेवणाच्या मेजावर येते, सणाला येते, वडीलधाऱ्यांच्या देखत येते, आणि जेवणाबरोबर उठते. आम्ही ती उचलली, पण तिच्याभोवतीचे घर उचलले नाही.

मंडळात एक निवृत्त गृहस्थ होते. मितभाषी, चालण्यात सर्वांच्या पुढे, जुन्या घरांची माहिती त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. ते रविवारी नेमाने येत, शनिवारी कधी येत नसत. एका शनिवारी आमच्या फार आग्रहावरून ते आले. पेले भरले जात असताना त्यांनी आपल्या पेल्यावर तळहात झाकला. बाटली माझ्या हातात होती. मी म्हणालो, “एका घोटाने कोणी बुडत नाही!” सगळे हसले. तेही हसले, आणि त्यांनी हात काढून घेतला. मी पेला भरला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्यापुढच्याही नाहीत. चौकशी कोणी केली नाही. ज्या मंडळात येण्याचे बंधन नाही तेथे न येण्याचे कारण विचारणे हाच आगाऊपणा, असे काहीसे आम्ही समजत होतो. तिसऱ्या महिन्यात एका जागेच्या पाहणीसाठी मला त्यांच्या घराच्या बाजूला जावे लागले, म्हणून त्यांच्या दारी गेलो. त्यांच्या पत्नीने दार उघडले. आतून खोकल्याचा आवाज आला, पण ‘कोण आले’ म्हणून कोणी विचारले नाही. बाईंनी मला बसावयास सांगितले, चहा दिला, आणि दाराशी उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “वकिलबाब, स वर्सां तांणी थेंबाक हात लावूंक नाशिल्लो.”

त्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला उत्तर देता आले असते. तो माझा धंदाच आहे.

घरी येऊन मी मनाशी वकिली केलीच. ते सज्ञान होते, जबरदस्ती कोणी केली नाही, त्यांचा पूर्वेतिहास मला ठाऊक नव्हता. या तिन्ही मुद्द्यांवर जगातील कोणतेही न्यायालय मला निर्दोष सोडील. १८७२ च्या करार कायद्यात मुक्त संमतीची व्याख्या आहे. बलप्रयोग, अवाजवी दडपण, कपट, चुकीचे निवेदन आणि चूक यांनी संमती दूषित होते, असे चौदावे कलम सांगते. त्या यादीत हशा नाही. दहा माणसांच्या हसण्याने जो हात पेल्यावरून निघाला, त्याची संमती कायद्याच्या लेखी शुद्धच होय. पण त्या हाताने आधी उत्तर दिले होते. ते मी ऐकले, आणि हशाने परतवून लावले.

येथे त्याच ॲटकिनसाहेबांचा दुसरा निकाल आठवतो. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी एका उपाहारगृहात दोन स्नेही गेल्या. एकीने दुसरीसाठी आल्याच्या पेयाची बाटली विकत घेतली. थोडे पिऊन झाल्यावर उरलेले पेय ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय बाहेर आली, अशी पिणाऱ्या बाईची फिर्याद होती. पैसे मैत्रिणीने दिले असल्यामुळे तिचा करार कोणाशीच नव्हता. १९३२ साली लॉर्डांच्या सभागृहाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले की, करार नसला तरी पेय बनविणाऱ्यावर तिच्याविषयी काळजी घेण्याचे कर्तव्य येते. माझा शेजारी कोण, असा प्रश्न ॲटकिन यांनी विचारला. आणि माझ्या कृतीची झळ ज्याला इतक्या निकटपणे पोचते की कृती करताना मी त्याचा विचार मनात ठेवावा, तो माझा शेजारी, असे त्याचे उत्तर दिले.

या खटल्यावर ग्रंथ लिहिले गेले, पण माझे लक्ष आता तिसऱ्याच व्यक्तीकडे जाते. जिने बाटली विकत घेऊन पुढे केली त्या मैत्रिणीचे कर्तव्य काय, हे कोणीच विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. बाटली काळ्या काचेची होती, आत काय आहे हे तिला दिसत नव्हते. मनुष्यही काळ्या काचेचाच असतो. मला आतले दिसत नव्हते, हे खरे. पण दिसत नाही म्हणूनच आग्रह करू नये, एवढे तरी मला कळावयास हवे होते.

यावर कोणी म्हणेल, अशाने तर मित्रमंडळाचे रुग्णालय होईल; प्रत्येकाने प्रत्येकाला सांभाळीत बसावे काय? हा आक्षेप पोकळ नाही. प्रौढ माणसाला लहान मूल समजणे हाही त्याचा अपमानच आहे. त्या गृहस्थांवर पाळत ठेवणे हे माझे कर्तव्य नव्हते. त्यांचा झाकलेला हात मानणे, आणि ते दिसेनासे झाल्यावर विचारपूस करणे, एवढेच होते. पहिले केले असते तर त्यांचे स्वातंत्र्य राखले गेले असते, दुसरे केले असते तर सोबत राखली गेली असती. आम्ही स्वातंत्र्याचे नाव घेऊन दोन्ही टाळली.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितले: उपयोगाची, सुखाची आणि सद्गुणाची. सुखाच्या मैत्रीला त्याने त्याज्य म्हटले नाही. सुख सरले की ती सरते, एवढेच सांगितले. आमचे मंडळ उघडउघड दुसऱ्या प्रकारचे. त्यात हीन असे काही नाही. पण जो सुख देईनासा होतो तो अशा मंडळातून आवाज न होता गळून पडतो, हा त्याचा धोका आहे.

उलट बाजूला आपले देवस्थान पाहा. माझे नाव महाजनांच्या नोंदवहीत आहे ते माझ्या गुणांमुळे नव्हे, जन्मामुळे. गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या नियमनानुसार आजही चालतात, आणि त्यांत निवडीला वाव असतो तो समितीपुरता, सोबतीला नसतो. तेथे एखादा जत्रेला दिसला नाही तर चार जण विचारतात, ‘कित्याक येवूंक ना?’ त्यात थोडी आस्था असते, बरेचसे कुतूहल असते, क्वचित कुचाळकीही असते, पण विचारतात. मात्र याच नोंदवहीच्या बाहेर किती माणसे पिढ्यानपिढ्या उभी राहिली, हेही विसरता येत नाही. क्रूसासमोर माझ्या खांद्यावर पडलेला हात त्या वहीत कधीच आला नसता. म्हणून जुने मंडळ चांगले आणि नवे उथळ, असा निकाल मी देणार नाही. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने संघटना करण्याचा अधिकार दिला आहे. आपल्या मर्जीने जमण्यातील आनंद मला मोलाचा वाटतो. नव्या संगतीने जुन्यांकडून एकच वाक्य उसने घ्यावे: का आला नाहीस?

मंडळात मी ही हकीकत कोणाचे नाव न घेता सांगितली. काही जण गप्प राहिले, एकाला ती अतिशयोक्त वाटली. तेव्हापासून शनिवारी कोकमाचे सरबत त्याच पेल्यांतून आणि त्याच तबकातून येते, आणि कोणी काय घेतले हे कोणी बोलून दाखवीत नाही. फोंताइन्हासमध्ये आम्ही आता पाच-सहांच्यावर जात नाही, आणि उघड्या खिडकीसमोर थांबत नाही. याने फार काही साधले असे नाही.

ते गृहस्थ मंडळात परत आलेले नाहीत. त्यांच्या प्रकृतीविषयी अधिक लिहिण्याचा मला अधिकार नाही. मधूनमधून सायंकाळी आम्ही दोघे खाडीच्या काठाने चालतो. बोलणे थोडेच होते. एखाद्या दिवशी ते ठरल्या वेळी येत नाहीत. अशा वेळी त्यांच्यावर फिर्याद करता येत नाही, हे १९१९ सालीच ठरून गेले आहे. मी त्यांच्या दारी जाऊन हाक मारतो.